डॉक्टर, टीएसएच वाढलाय!

मागच्या अंकात थकव्याबद्दल लिहिताना थायरॉइडच्या तपासणीचा ओझरता उल्लेख केला होता. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रांसोबत रिपोर्टचे फोटोच आले. बहुतेक फोटोंत एक आकडा ठळक छापलेला आणि त्याभोवती पेनाने काढलेला गोल. गोल कुणी काढला ते कळत नाही, पण त्याने घरादाराची झोप उडालेली असते एवढं पत्रांवरून दिसतं. तेव्हा या वेळचं सगळं सदर थायरॉइडला. पत्रावरून मी कुणाची गोळी सुरू किंवा बंद करत नाही. रिपोर्ट कसा वाचायचा आणि आपल्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे मात्र सांगता येईल. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझं वय ३६. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत टीएसएच ६.८ आला. फ्री टी४ १.१ आहे, तो नॉर्मल दाखवलाय. थकवा असतो, पण दोन लहान मुलं आणि नोकरी म्हटल्यावर तो असायचाच. वजनही गेल्या वर्षात चार किलोंनी वाढलंय. रिपोर्ट देतानाच मला सांगितलं, "थायरॉइड निघालाय, आता गोळी जन्मभर." खरंच सुरू करायची का?

उत्तर : इतक्यात नाही. एका रिपोर्टवर जन्मभराचा निर्णय घेण्याची इथे काहीच घाई नाही.

टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला कामाला लावतो. थायरॉइड जरा कमी पडायला लागली की पिट्युटरी आवाज चढवते, आणि ती फार पटकन चढवते. थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन म्हणजे टी४, आणि त्यातला रक्तात मोकळा फिरणारा भाग म्हणजे फ्री टी४. तो निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, तो शंभरपटीच्या घरात जातो. म्हणून तर थायरॉइडचा बिघाड लवकर पकडायला टीएसएचसारखी दुसरी तपासणी नाही. पण त्याच कारणाने ४.५ चा ६.८ होणं ही फार मोठी घटना नसते. तुमचा टी४ व्यवस्थित आहे. म्हणजे थायरॉइड काम पुरं करतेय, फक्त तिला थोडं मोठ्याने सांगावं लागतंय. या अवस्थेला आम्ही सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतो.

आता तो ठळक आकडा. साधारण ०.४ ते ४.० किंवा ४.५ ही जी मर्यादा छापलेली असते, ती ठरवताना निरोगी माणसांचं रक्त तपासतात, मधले ९५ टक्के आत ठेवतात आणि दोन्ही टोकं कापतात. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही शंभरात पाच जण बाहेर पडणारच. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक करणं हे कॉम्प्युटरचं काम आहे, त्यात कुणी डॉक्टरांनी विचार केलेला नसतो. शिवाय टीएसएच दिवसभरात हलतो: रात्री उशिरा आणि पहाटे वर, दुपारी खाली. रात्रभर झोप झाली नसेल तर सकाळी आणखी वर. नुकत्याच होऊन गेलेल्या मोठ्या आजारपणातून सावरतानाही तो काही दिवस चढतो. वजन जास्त असेल तर थायरॉइड धडधाकट असूनही तो थोडा वरच असतो.

म्हणून दोन ते तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, साधारण त्याच वेळेला, ताप किंवा आजारपण नसताना. पुष्कळ जणांचा आकडा दुसऱ्या वेळी मर्यादेत आलेला असतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. दुसऱ्या वेळीही वर आला तर सोबत टीपीओ अँटिबॉडी एकदा करून घ्या. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटली आहे का, ते त्यातून कळतं. हाशिमोटो नावाच्या जपानी सर्जननी १९१२ साली ज्याचं वर्णन केलं तोच हा आजार.

अँटिबॉडीचा उपयोग पुढचा अंदाज बांधायला होतो. इंग्लंडमधल्या व्हिकम भागातल्या लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला होता. तिथे टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी सुमारे ४.३ टक्के जणींना उघड हायपोथायरॉइडिझम झाला, म्हणजे टी४ही खाली गेला. नुसता टीएसएच वाढलेला असेल तर हे प्रमाण २.६ टक्के होतं. म्हणजे दोन्ही असूनसुद्धा एका वर्षात शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त जणी आहेत तिथेच राहतात. वर्षातून एकदा तपासणी करत राहणं हा पर्याय त्यामुळे अगदी शहाणपणाचा आहे. "काहीच करत नाही" असं त्याला म्हणू नका.

मग गोळी कधी? टीएसएच पुन्हा पुन्हा १० च्या वर आला तर बहुतेक डॉक्टर सुरू करतात, मीही करते. गरोदरपणाचा विचार असेल तर हिशेब पूर्ण बदलतो, तेव्हा खूप कमी आकड्यालाही आम्ही सावध होतो. गळ्याला गाठ किंवा सूज असेल, लक्षणं खरोखर बोचत असतील आणि अँटिबॉडीही असतील, तर काही महिने गोळी देऊन बघण्यात गैर नाही. मात्र "बघणं" दोन्हीकडून हवं: टीएसएच खाली येऊनही तीन-चार महिन्यांत थकवा होता तसाच राहिला, तर थकव्याचं कारण दुसरीकडे आहे आणि गोळी बंद करण्याबद्दल बोलायला हवं. ही दुसरी अर्धी गोष्ट सहसा कुणी करत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ पाहिलंय का? तुमच्या वयात थकव्यासाठी मी आधी तिथे बघेन.

चार किलोंचं खापर थायरॉइडवर फोडू नका. अगदी उघड हायपोथायरॉइडिझममध्येही वाढणारं वजन सहसा मोजक्याच किलोंचं असतं आणि त्यात शरीरात साठलेल्या पाण्या-मिठाचा वाटा मोठा असतो. टी४ नॉर्मल असताना तेवढंही होत नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून आयोडीनच्या किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या सुरू करू नका. हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने टीएसएच उलट वाढू शकतो.

प्रश्न : माझ्या बायकोचा (वय २९) टीएसएच ०.०३ आणि फ्री टी४, टी३ दोन्ही जास्त आले. टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीही पॉझिटिव्ह. ग्रेव्हज डिसीज (थायरॉइड गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते तो आजार) असेल असं सांगून तो हार्मोन कमी करणारं कार्बिमाझोल लिहून दिलंय. पण ती अगदी ठीक आहे, वजन कमी झालेलं नाही, धडधड नाही, हातही थरथरत नाहीत. केस गळतात म्हणून सहा महिन्यांपासून ती एक सप्लिमेंट घेते, त्याचं लेबल सोबत जोडलंय. गोळी सुरू करू का थांबू?

उत्तर : लेबल जोडलंत, हे फार बरं केलंत. त्यावर बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम असं लिहिलंय. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं.

बायोटिनने थायरॉइड बिघडत नाही, रिपोर्ट बिघडतो. अनेक मशीनमध्ये तपासणीची रसायनं एकमेकांना चिकटवण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी वापरतात, कारण ही पकड फार घट्ट असते. रक्तातच बायोटिनचा पूर आलेला असेल तर तेच जाऊन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा अडवतं आणि मशीनला मिळणारा सिग्नल क्षीण होतो. टीएसएचच्या तपासणीत क्षीण सिग्नल म्हणजे टीएसएच कमी. फ्री टी४ आणि थायरॉइडचाच दुसरा हार्मोन टी३ यांच्या तपासणीची रचना उलटी असते, तिथे क्षीण सिग्नल म्हणजे हार्मोन जास्त. रिसेप्टर अँटिबॉडीची तपासणीही काही मशीनवर याच उलट्या पद्धतीची असते, म्हणून तीही खोटी पॉझिटिव्ह येते. चारही आकडे एकमेकांना इतके जुळतात की ग्रेव्हज डिसीजचं पुस्तकी चित्र उभं राहतं. फक्त पेशंट त्या चित्रात बसत नाही. तुम्हाला नेमकं तेच खटकलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीतल्या घोटाळ्याचाही उल्लेख होता.

औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि बायोटिनबद्दल सांगा. सप्लिमेंटबद्दल बहुधा त्यांना कुणी सांगितलेलंच नसणार, कारण पेशंटच्या लेखी ते औषधच नसतं. सप्लिमेंट बंद करून किमान दोन दिवसांनी, इतक्या मोठ्या डोसनंतर मी तर आठवडाभर थांबेन, मग टीएसएच, फ्री टी४, टी३ पुन्हा करायचे. लॅबला विचारायचं की तुमच्या मशीनवर बायोटिनचा परिणाम होतो का. सगळ्या मशीनवर होत नाही.

फेरतपासणीतही हेच आकडे आले तर आजार खरा आहे, आणि मग कार्बिमाझोल टाळू नका. ते सुरू झालं की एक गोष्ट दोघांनीही लक्षात ठेवा. ताप आला, घसा खूप दुखायला लागला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी गोळी थांबवून पांढऱ्या पेशींची तपासणी करायची. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम तळाला जातात. "साधा घसा आहे, दोन दिवस बघू" हे या गोळीवर चालत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी माझा फ्री टी४ १.२ होता. या वर्षी दुसऱ्या लॅबमध्ये १५.४ आलाय! टीएसएच मात्र दोन्ही वेळी २ च्या आसपास. दहापटीहून जास्त वाढ झाली तरी लॅबने ठळक का केलं नाही?

उत्तर : वाढ झालेलीच नाही. पहिला आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे आणि दुसरा पिकोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला १२.८७ ने गुणून बघा, उत्तर १५.४ येतं. आकड्याशेजारचं बारीक अक्षरांतलं एकक वाचल्याशिवाय दोन रिपोर्टची तुलना करायची नाही. टीएसएचच्या बाबतीत हा घोळ होत नाही: मायक्रो युनिट प्रति मिलिलिटर लिहा नाहीतर मिली युनिट प्रति लिटर, आकडा तोच.

प्रश्न : मला बारा वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे. वय ४८, वजन ५८ किलो. पूर्वी ७५ च्या गोळीवर सगळं ठीक होतं. गेल्या दीड वर्षात टीएसएच ९, मग ५, मग १४. दर वेळी डोस वाढवला, आता १५० वर आहे. शेवटच्या रिपोर्टमध्ये टीएसएच १४ आणि फ्री टी४ चक्क वरच्या मर्यादेला, १.७. हे दोन्ही एकाच वेळी कसं? डॉक्टर आता १७५ म्हणतायत. कधीकधी छातीत धडधडतं. मी गोळी रोज सकाळी घेते, सोबत कॅल्शियम आणि ॲसिडिटीची कॅप्सूलही.

उत्तर : ताई, १७५ च्या आधी दोन गोष्टी तपासा.

थायरॉइड जवळजवळ पूर्ण बंद पडलेल्या माणसालाही वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन (म्हणजे टी४च, तुमच्या गोळीत तेच असतं) पुरतं. ५८ किलोंना ते ९० ते १०० च्या दरम्यान होतं. तुम्ही १५० वर आहात, म्हणजे किलोमागे अडीचच्या वर, आणि तरी टीएसएच १४. इथे डोस कमी नाही. गोळी पोटात जाऊन रक्तात पोचत नाहीये, नाहीतर ती रोज पोटातच जात नाहीये.

पोचत का नसेल, ते तुम्हीच लिहिलंय. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून टाकतात. त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या कॅप्सूलने पोटातलं आम्ल कमी होतं आणि गोळी नीट विरघळत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही, ती "काही नाही" मध्ये धरलेली असते हे बऱ्याच जणांना पटत नाही. सकाळच्या धावपळीत हे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी झोपताना घ्या. नेदरलँड्समध्ये २०१० साली झालेल्या चाचणीत झोपताना घेतलेल्या गोळीने टीएसएच उलट जास्त चांगला आवरला होता. मात्र कॅल्शियम मग सकाळी किंवा दुपारच्या जेवणासोबत हलवा.

आता दुसरी गोष्ट, आणि हे मी रागावून विचारत नाही. गोळ्या राहतात का? टीएसएच १४ आणि टी४ वरच्या टोकाला हे विसंगत वाटतं, पण त्याचं एक नेहमीचं स्पष्टीकरण आहे. टी४ काही दिवसांत भरून येतो, टीएसएच खाली यायला सहा-एक आठवडे लागतात. महिनाभर गोळ्या अधूनमधून राहिल्या आणि तपासणी जवळ आल्यावर रोज घेतल्या, की रिपोर्ट बरोब्बर असाच दिसतो. टी४ आठवडाभराचं सांगतो, टीएसएच दीड-दोन महिन्यांचं. तपासणीच्या दिवशी गोळी घेऊन रक्त दिलंत तरी टी४ तात्पुरता वर दिसतो. म्हणून रक्त आधी द्यायचं, गोळी नंतर.

राहत असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा. नाही सांगितलंत तर डोस कागदावर वाढत जातो, आणि ज्या आठवड्यात तुम्ही सगळ्या गोळ्या नेमाने घेता त्या आठवड्यात धडधड होते. थायरॉक्सिनचं अर्धायुष्य सात दिवसांचं आहे. त्यामुळे एक गोळी चुकली तर ती दुसऱ्या दिवशीच्या गोळीबरोबर घेतलेली बहुतेकांना चालते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी विचारावं. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी आणा. मी ती सुशिक्षित, शिस्तशीर लोकांनाही आणायला लावते, कारण "आज घेतली का?" हा प्रश्न त्यांनाही पडतोच. गोळ्या त्यांच्या मूळ डब्यात, उष्णता, उजेड आणि दमट हवेपासून लांब ठेवा आणि त्या छोट्या डबीत फक्त आठवड्यापुरत्या काढा.

हे सगळं काटेकोर करून सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा. पण १५० वर बसून नव्हे! सगळ्या गोळ्या नीट पोचायला लागल्या की १५० तुम्हाला जास्त होणार आहे, तेव्हा सुरुवात कितीवर करायची ते आत्ताच डॉक्टरांशी बोला. एवढं करूनही टीएसएच हटला नाही, तर सीलिॲक डिसीज (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडतं तो आजार) किंवा जठराचा दाह आहे का ते पाहावं लागेल.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे. चालणं-फिरणं, स्मरणशक्ती उत्तम. टीएसएच ७.२, फ्री टी४ नॉर्मल. मी परगावी असतो, काळजी वाटते. ते गोळी नको म्हणतात. त्यांना कसं समजवावं?

उत्तर : त्यांना समजावू नका, त्यांचं बरोबर आहे. वयाबरोबर टीएसएच आपोआप वर सरकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत थायरॉइडचा आजार नसलेल्या ८० वर्षांवरच्या लोकांची वरची मर्यादा ७.५ च्या आसपास निघाली. रिपोर्टवर छापलेली मर्यादा तरुणांसकट सगळ्यांची असते, तुमच्या वडिलांच्या वयाची नसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट चाचणीत ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांपैकी अर्ध्यांना थायरॉक्सिन आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी दिली. त्यांचा सुरुवातीचा टीएसएच सरासरी ६.४ होता. वर्षभराने दोन्ही गटांच्या थकव्यात आणि लक्षणांत फरक नव्हता. दुसरीकडे या वयात डोस जरा जरी जास्त झाला तर हृदयाची लय बिघडते आणि हाडं झिजतात. सहा महिने-वर्षाने टीएसएच पुन्हा बघा. तो १० च्या पुढे गेला किंवा टी४ घसरला तर विचार करू, आणि तेव्हाही १२.५ किंवा २५ पासून, हळूहळू.

काळजीपोटी काही करायचंच असेल तर फोनवर त्यांच्या इतर औषधांची यादी करून घ्या. त्यात ॲमिओडारोन किंवा लिथियम असेल तर मला पुन्हा लिहा, ती दोन्ही थायरॉइडला त्रास देतात.

प्रश्न : मी थायरॉक्सिन ७५ वर आहे. काल घरी केलेली प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. तोपर्यंत आहे तीच गोळी चालू ठेवू ना?

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबणं योग्य नव्हतं, म्हणून तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे इतरांसाठी देते. वेळ तीन आठवड्यांनी असली तरी फोन आजच करायचा. पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते, ते आईच्या टी४ वर अवलंबून असतं. आईची गरज तर पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने गर्भ राहिल्याचं कळताच डोस २० ते ३० टक्के वाढवायचा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सोपी पद्धत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या: दोन ठरलेल्या वारी दोन-दोन. गर्भ राहण्याआधीच तुमच्या डॉक्टरांशी हे ठरवून ठेवणं सगळ्यात चांगलं. मग दर चार आठवड्यांनी टीएसएच, निदान पाचव्या महिन्यापर्यंत, आणि तो २.५ च्या आत ठेवायचा. आता लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील, त्यांचं चार तासांचं अंतर विसरू नका. बाळंतपणानंतर डोस पुन्हा पूर्वीचा आणि सहा आठवड्यांनी तपासणी.

गोळी न घेणाऱ्या गर्भवतींची वेगळी पत्रं आली आहेत, टीएसएच खाली गेला म्हणून घाबरलेल्या. पहिल्या तीन महिन्यांत वारेतून येणारा एचसीजी हार्मोन थायरॉइडला स्वतःच चालना देतो, त्यामुळे टीएसएच थोडा खाली जाणं अपेक्षितच असतं.

प्रश्न : महिन्यापूर्वी सर्दी-खोकला झाला. नंतर गळा पुढून दुखायला लागला, इतका की हात लावू देत नव्हते. दुखणं कानापर्यंत जायचं. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ८२, टीएसएच ०.०१, टी४ जास्त. कार्बिमाझोल दिलंय, तीन आठवडे झाले. फरक नाही.

उत्तर : पडणारही नाही. कार्बिमाझोल नवा हार्मोन बनवणं थांबवतं. तुमची थायरॉइड जास्त बनवत नाहीये, ती सुजलीय आणि आतला साठा रक्तात सांडतोय. थायरॉइडमध्ये दोन-तीन महिने पुरेल इतका हार्मोन साठवलेला असतो, त्यामुळे हे सांडणं काही आठवडे चालतं. दुखणारा गळा, आधीचा व्हायरल आजार आणि चढलेला ईएसआर, तिन्ही मिळून सबॲक्यूट थायरॉइडायटिसकडे बोट दाखवतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा की रिसेप्टर अँटिबॉडी किंवा थायरॉइडचा अपटेक स्कॅन करून खात्री करता येईल का. या आजारात स्कॅनमध्ये ग्रंथी जवळपास काहीच शोषत नाही, ग्रेव्हजमध्ये ती भसाभसा शोषते. निदान ठरलं तर उपचार सूज-दुखीच्या औषधांचा, फारच दुखत असेल तर काही आठवडे स्टेरॉइडचा आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलचा. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको.

पुढचं आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. साठा रिकामा झाला की टीएसएच उलटा वर जाऊ शकतो, कदाचित २० च्याही पुढे. तेव्हा कुणीतरी "आता हायपो झालाय, जन्मभर गोळी" म्हणेल. काही जणांना खरंच लागते, पण बहुतेकांची ग्रंथी काही महिन्यांत पूर्वपदावर येते. मधल्या काळात गोळी लागलीच तर पुढे ती कमी करून बघायची तारीख त्याच दिवशी फाइलवर लिहून घ्या.

प्रश्न : टीएसएच १.८, म्हणजे नॉर्मल. फ्री टी४ मात्र ०.५, खाली. लॅब म्हणते टीएसएच नॉर्मल असेल तर काळजी नको. आठ महिने पाळी नाही, डोकं दुखतं, खूप थंडी वाजते. वय ३३.

उत्तर : काळजी हवी, आणि या आठवड्यातच एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांना भेटा. टी४ इतका खाली असताना टीएसएच चढायला हवा होता. तो १.८ वर शांत बसलाय, म्हणजे शंका थायरॉइडवर नसून पिट्युटरीवर आहे. पाळी बंद आणि डोकेदुखी त्याच बाजूला बोट दाखवतात. सकाळचं कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिन या दोन हार्मोनची तपासणी आणि पिट्युटरीचा एमआरआय लागेल. दिसायला अस्पष्ट वाटलं, दोन दोन दिसलं किंवा डोकं एकाएकी भयंकर दुखायला लागलं, तर भेटीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. कॉर्टिसॉल कळण्याआधी कुणाच्याही सल्ल्याने थायरॉक्सिन सुरू करू नका. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. आणि तुमच्यासारख्यांचा डोस पुढेही टीएसएच बघून ठरवत नाहीत, फ्री टी४ बघून ठरवतात.

प्रश्न : हाशिमोटो आहे, गोळीवर टीएसएच २.१. टीपीओ अँटिबॉडी गेल्या वर्षी ६२०, यंदा ४५०. पथ्य लागू पडतंय का? दर सहा महिन्यांनी करू का?

उत्तर : पथ्याचा पुरावा म्हणून हे आकडे धरता येणार नाहीत, अँटिबॉडी आपल्या आपण वर-खाली होत असतात. त्यांच्या आकड्यावरून आपण काहीही बदलत नाही, ना डोस ना दुसरं काही. एकदा पॉझिटिव्ह आल्या, निदान झालं, तपासणी संपली. पुढच्या वेळी फॉर्मवर फक्त टीएसएचवर खूण करा, तीही वर्षाने.